डर्ट बाइकचे टायर: निवडायचे कसे आणि घरच्या अंगणात बसवायचे कसे

जुलैचा रविवार, वेल्ह्याच्या पुढचा एक निसरडा चढ. मागच्या चाकाला आदल्याच आठवड्यात घेतलेला, मोठ्या बटणांचा (म्हणजे रबराच्या उंच ठोकळ्यांचा) कोरा टायर. शर्यतीतली पोरं १२ पीएसआय हवा ठेवतात असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून मीही १२ वर आणली. चढाच्या निम्म्यात थ्रॉटल पिळला, रिम फिरली आणि टायर जागच्या जागी राहिला. ट्यूब टायरबरोबर थांबली, व्हॉल्व्ह रिमबरोबर गेला. मुळासकट उपटलेल्या व्हॉल्व्हला पंक्चरचा तुकडा लागत नाही. चार किलोमीटर बाइक ढकलत डांबरी रस्ता गाठला. तिथल्या पंक्चरवाल्याकडे १८ इंची ट्यूब नव्हती, तेव्हा शेवटी टेम्पो.

दोष टायरचाही नव्हता आणि बाइकचाही. मला टायर 'निवडणं' म्हणजे फक्त नक्षी निवडणं वाटत होतं. खाली लिहिलंय ते त्या दिवसानंतर शिकलेलं आहे, बरंचसं सोललेल्या बोटांनी. माझी बाइक एक्सपल्स २०० आहे, त्यामुळे उदाहरणं तिची येतील. पण २१ इंची पुढचं आणि १८ इंची मागचं स्पोकचं चाक असलेल्या कुठल्याही बाइकला यातलं बहुतेक लागू पडतं.

१. आधी जमीन बघा, मग टायर

दुकानात जायच्या आधी मागच्या दहा राइड आठवा आणि प्रामाणिकपणे टक्केवारी काढा. माझी निघाली ती अशी: डांबर साठ, मुरूम आणि कच्चा रस्ता तीस, खरा चिखल-दगड दहा. बहुतेकांचं थोड्याफार फरकाने असंच असतं. कारण ट्रेलपर्यंत जायला ट्रेलर कुणाकडे नाही, बाइक चालवतच जायचं असतं.

आता तत्त्व. मऊ जमिनीला उंच, लांब लांब बसवलेली बटणं लागतात. ती जमिनीत रुततात आणि मधल्या फटीतला चिखल फिरताना फेकून देतात. कडक जमिनीला बुटकी, जवळजवळची बटणं आणि जरा मऊ रबर लागतं. दगडात काही रुतत नाही, तिथे रबराने दगड धरायचा असतो. उंच बटणं कातळावर वाकतात, आणि डांबरावर त्यांचे कोपरे भराभर झिजून गोल होतात.

आपल्याकडची जमीन मात्र एकाच दिवसात तीन रंग दाखवते, म्हणून थोडं तपशिलात सांगतो.

काळी माती: माझं गाव बार्शीकडचं. पावसात तिथे शेतरस्त्यावर बाइक घातली की कुठलाही टायर पन्नास फुटांत गुळगुळीत होतो, कारण माती बटणांच्या मध्ये भरते आणि सुटतच नाही. मोठ्या फटींचा टायर थोडी मदत करतो, पण खरी अडचण मडगार्डची. टायर आणि खालचं मडगार्ड यांच्यात माती ठासून बसते आणि पुढचं चाक चक्क जाम होतं. काळ्या मातीत जाणार असाल तर टायरच्या आधी मडगार्ड वर उचलायचं बघा.

सह्याद्रीचा काळा पत्थर: ओला, शेवाळलेला. इथे मोठी बटणं शत्रू. मऊ रबर आणि कमी हवा, एवढंच कामाला येतं.

कोकणातला जांभा: सुका असेल तर कानशीसारखा. पकड झकास मिळते, टायर मात्र खातो. पाऊस पडला की वरच्या लाल चिखलाखाली तोच खरखरीत दगड असतो, म्हणून मधल्या जातीचा टायर उत्तम.

मुरूम: गोट्यांवरून घसरल्यासारखं वाटतं. पुढच्या टायरच्या कडेची बटणं धारदार हवीत. मागचा काय वाटेल तो चालतो.

(जाता जाता: कास किंवा तसल्या फुलांच्या सड्यांवर बाइक घालू नका, रस्ता सोडू नका. एका चाकोरीने तिथला मातीचा पातळ थर जातो आणि तो परत यायला फार काळ लागतो. अभयारण्यात तर कायदाच आडवा येतो.)

नवख्यांसाठी माझा सल्ला: पुढे मध्यम बटणांचा, कच्च्या रस्त्याकडे जरा जास्त झुकणारा टायर आणि मागे साठ टक्के रस्ता धरून बनवलेला. पुढचं चाक घसरलं की माणूस पडतो. मागचं घसरलं तर बहुतेक वेळा नुसती शेपटी हलते. पैसे कमी असतील तर आधी पुढचा टायर बदला.

शर्यतीच्या मोटोक्रॉस टायरची ओढ सगळ्यांनाच असते. डनलॉपच्या जिओमॅक्स मालिकेत एमएक्स ३३ मऊ ते मध्यम जमिनीसाठी आणि एमएक्स ५३ मध्यम ते कडक जमिनीसाठी, अशी वाटणी आहे. बाकीच्या कंपन्याही अशाच जाती पाडतात, त्यामुळे नावापेक्षा 'कोणत्या जमिनीसाठी' ते विचारा. या जातीच्या पुष्कळ टायरवर 'एनएचएस' असं लिहिलेलं असतं, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर वापरासाठी नाही. ताशी ८० ने ताम्हिणी उतरताना ओल्या डांबरावर ब्रेक दाबाल तेव्हा त्या तीन अक्षरांचा अर्थ कळेल. त्याआधी कळलेला बरा.

२. टायरच्या अंगावरचं वाचायला शिका

९०/९०-२१ म्हणजे रुंदी ९० मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ९० टक्के (म्हणजे ८१ मिमी), आणि रिम २१ इंच. मोटोक्रॉस बाइकच्या पुढे ८०/१००-२१ असतो, त्याची भिंत ८० मिमी. म्हणजे उंचीत फरक एका मिलिमीटरचा. म्हणून हे दोन पुष्कळदा एकमेकांच्या जागी चालतात.

मागे मात्र जपून. एक्सपल्सला १२०/८०-१८ येतो, भिंत ९६ मिमी. कुणी म्हणालं '१२०/९० टाक, उंच वाटते', तर भिंत १०८ होते आणि चाकाचा व्यास २४ मिमीने, म्हणजे साधारण पावणेचार टक्के वाढतो. बाइक मागून १२ मिमीने उंच होते, चढाला किंचित जड वाटते. हे चालवून घेता येतं. १४०/८० टाकणारे मात्र रिमची रुंदी विसरतात. ती रिमवरच ठोकलेली असते, उदाहरणार्थ १८ x २.१५. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो आंबट चेहऱ्यासारखा आखडतो, मधोमध फुगतो आणि कडेची बटणं जमिनीला टेकतच नाहीत. शिवाय एका बाजूला साखळी आणि दोन्ही बाजूंना स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दुहेरी दांडा) यांच्यापासून टायरला जागा उरत नाही. टायर बसल्यावर दोन्ही बाजूंना बोट सहज गेलं पाहिजे. चिखलाची जागा त्याच फटीत असते.

पुढचे आकडे: ५४एम असेल तर ५४ म्हणजे २१२ किलो भार, एम म्हणजे ताशी १३०. तुमच्या कंपनीने सांगितलेल्या आकड्यापेक्षा खाली उतरू नका, विशेषतः मागे पिशव्या बांधून फिरत असाल तर.

बनवल्याची तारीख चार आकड्यांत असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. दुकानदार 'नवाच आहे साहेब' म्हणेल. तो आकडा स्वतः शोधा. ऑफरोड टायर सावकाश खपतात, त्यामुळे चार-पाच वर्षं माळ्यावर पडलेला टायर गळ्यात मारला जाण्याची शक्यता इथे जास्त. नखाने बटणाचा कोपरा दाबून बघा, नख रुतलं पाहिजे.

शेवटचं, फिरण्याच्या दिशेचा बाण. काही टायरना दोन्ही दिशांना बाण असतात. ते सोन्यासारखे समजा. बटणांची एक धार गोल झाली की टायर उलटा बसवून दुसरी धार वापरता येते.

३. ट्यूब, रिम लॉक आणि हवा

माझ्या मते टायरच्या नक्षीपेक्षा या तिघांवर जास्त वेळ घालवावा.

साधी ट्यूब एक-दीड मिलिमीटर जाडीची असते, हेवी ड्यूटी तीन-चार मिमी. हवा कमी करून दगडावर आदळलात की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली जाते आणि सापाच्या चाव्यासारखी दोन भोकं पडतात. जाड ट्यूब हे पुष्कळ सोसते. जड असते, बसवताना छळते, पण घ्याच.

रिम लॉक म्हणजे रिमच्या आत बसणारा रबर लावलेला एक बूट. त्याचा बोल्ट बाहेर येतो. नट आवळला की तो टायरची कड रिमला दाबून धरतो. माझ्याकडे तो नव्हता म्हणून व्हॉल्व्ह उपटला. शर्यतीच्या बाइकला तो असतोच, रस्त्याच्या बाइकच्या रिमला बहुधा त्याचं भोकही नसतं. भोक पाडून घेता येतं, पण दोन स्पोकच्या बरोबर मध्ये आणि रिमच्या मध्यरेषेवर, चांगल्या वर्कशॉपमध्ये. कडा कानशीने घासून गुळगुळीत करा, नाहीतर तीच धार ट्यूब कापेल. रिम लॉकही रिमच्या रुंदीप्रमाणे मिळतो. २.१५ च्या रिमला १.६० चा घेतलात तर तो आत डुगडुगतो.

हवेचा हिशेब: शंभर-सव्वाशे किलोची मोटोक्रॉस बाइक, जाड ट्यूब आणि रिम लॉक असेल तर १२ ते १४ ठीक. आपली बाइक दीडशे किलोच्या पुढची. रिम लॉकशिवाय मी कच्च्यावर १८ ते २० च्या खाली जात नाही. डांबरावर परत आलो की कंपनीच्या स्टिकरवरचा आकडा. त्यासाठी पायाचा पंप आणि स्वतःचा गेज जवळ हवा. पेट्रोल पंपावरच्या गेजचं आणि माझ्या गेजचं आजवर जमलेलं नाही.

४. काय काय जमवायचं

- तीन टायर लिव्हर (पंक्चरवाल्याची टॉमी). दोनात भागत नाही. लांब एक, आखूड दोन. टोकं गोल आणि गुळगुळीत हवीत.
- व्हॉल्व्हची पिन काढायची चावी.
- अॅक्सल (चाकाच्या मधला दांडा) नटाचा पाना, साखळीच्या अॅडजस्टरचे पाने, जमल्यास टॉर्क रेंच (नट नेमका किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना).
- साबणाचं घट्टसर पाणी आणि ब्रश. ग्रीस किंवा ऑइल अजिबात नको, टायर रिमवर फिरायला तेवढंच निमित्त पुरतं.
- टाल्कम पावडर.
- रिम पट्टी (स्पोकची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून रिमच्या आत बसते ती). जुनी फाटली असेल तर नवीच.
- बाइकचं मॅन्युअल. टॉर्क, हवा, साखळीचा ढिलेपणा हे सगळं त्यात असतं.
- टायरचं बिल आणि वॉरंटी कार्ड. बिलावर टायरचा अनुक्रमांक लिहून घ्या. बाजूची भिंत फुगली तर दावा करताना तो विचारतात.

शर्यतीत उतरायचा विचार असेल तर एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचा स्पर्धा परवाना लागतो आणि स्टार्टच्या आधी बाइकची तपासणी होते. त्या शर्यतीचे टायरचे नियम आधी वाचा, प्रत्येक गटाचे वेगळे असतात.

५. जुना टायर उतरवणं

अॅक्सलचा नट बाइक जमिनीवर असतानाच सैल करा, स्टँडवर चढवून जोर लावाल तर बाइक अंगावर येईल. साखळीच्या अॅडजस्टरच्या खुणांचा फोटो काढून ठेवा. चाक निघालं की ब्रेकपॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवा. चुकून ब्रेक दाबला गेला तर पॅड मिटतात आणि मग डिस्क आत जात नाही.

चाक एका जुन्या टायरवर किंवा गोणपाटाच्या चुंबळीवर आडवं ठेवा. डिस्कवर भार येता कामा नये. पिन काढून सगळी हवा सोडा. रिम लॉक असेल तर नट बोल्टच्या टोकापर्यंत सैल करा आणि बोल्ट आत ढकला. नट पूर्ण काढू नका, बूट आत हरवतो.

आता टायरची तार असलेली कड, जिला बीड म्हणतात, रिमपासून सोडवायची. टाचेने दाबून सुटली तर नशीब. नाहीतर मित्राची बाइक बोलवा. चाक तिच्या साइड स्टँडखाली असं ठेवा की स्टँडचा पाय रिमला न लागता टायरवर येईल, आणि बाइक सावकाश त्या बाजूला कलती करा. 'फट्' असा आवाज येतो आणि कड सुटते. उलटून दुसऱ्या बाजूने तेच.

मग या सगळ्या कामाची किल्ली. रिमच्या मधोमध गोल फिरणारी एक खोलगट चर असते. ज्या बाजूला लिव्हर लावताय, त्याच्या बरोबर समोरची कड गुडघ्याने त्या चरीत दाबून ठेवा. तेवढीच ढील या बाजूला मिळते. लिव्हर दोन-अडीच इंचांच्या अंतराने, छोटे छोटे घास घेत. मी पहिल्यांदा सहा इंचांचा घास घेतला होता. लिव्हर हातातून सुटून थेट हनुवटीवर आला.

एक कड बाहेर आली की ट्यूब ओढून काढा, मग दुसरी कड. टायर परत वापरायचा असेल तर आतून कापडाचा बोळा फिरवा, बोट नको. बाभळीचा काटा आतूनही टोचतो, हे मला मागच्या उन्हाळ्यात कळलं.

६. नवा टायर चढवणं

आधी नवा टायर अर्धा तास उन्हात ठेवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर गाडीच्या बॉनेटवर, इंजिन गरम असताना. रबर लोण्यासारखं होत नाही, पण हट्ट कमी होतो.

रिम आतून पुसा. स्पोकची टोकं वर आलेली असतील तर घासून सपाट करा, पट्टी नीट बसवा, व्हॉल्व्हचं भोक भोकावर. बाण बघा. मग पुन्हा बाण बघा.

पहिली कड साबणपाण्याने ओली करून हातानेच बरीचशी जाते, उरलेली लिव्हरने. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो टायरचा हलका भाग, तो व्हॉल्व्हपाशी आणा. रिम लॉक असेल तर या ठिपक्याची फार फिकीर करू नका, लॉकचं वजनच जास्त असतं.

ट्यूबला पावडर चोळा आणि तिचा गोल आकार येईल इतपतच हवा भरा. जास्त भरली तर जागा खाते, मुळीच नसली तर लिव्हरखाली घडी येते. व्हॉल्व्ह भोकातून काढून नट दोन आटे लावून सोडा. पूर्ण फिरवून बघा, ट्यूबला पीळ नको.

दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरून सुरू करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. कारण साधं आहे. व्हॉल्व्हपाशी ट्यूब चरीत बसलेली असते, तिथे कड खाली जाऊ शकत नाही. ती शेवटी आली तर समोरची कड चरीत मोकळी असते. वाटेत रिम लॉक आला की बोल्ट आत दाबून धरा, म्हणजे कड बुटाच्या बाहेर न राहता त्याच्या आणि रिमच्या मध्ये जाईल. दोन्ही गुडघे टायरवर, आणि पुढे सरकताना बसलेली कड निसटू द्यायची नाही.

शेवटचे सहा इंच सगळ्यांना रडवतात. जोर लागायला लागला की थांबा. जोर लागतोय म्हणजे समोरची कड चरीतून वर आली आहे. तिथे जा, पुन्हा दाबा, साबणपाणी लावा, परत या. पंक्चरवाले इथे तिसरा लिव्हर घालून जोरात मारतात आणि ट्यूब चिमटते. टायर बसतो, हवा भरली की दोन मिनिटांत फुस्स. मी तीन ट्यूब याच सहा इंचांत घालवल्या. लिव्हर कडेला पकड मिळेल इतकाच आत घाला, बोटभर आत गेला की टोक ट्यूबला शोधतंच.

पिन न लावताच हवा भरा, वेगाने जाते. कड 'टण्ण' करून बसते. ३० ते ३५ पर्यंत न्या, टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या वर नाही. रिमला लागून टायरवर एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे बुडली असेल तर हवा सोडा, साबण लावा, पुन्हा भरा. रेघ जुळली की एकदा सगळी हवा सोडून द्या, म्हणजे ट्यूबच्या सुरकुत्या निघतात. मग पिन लावून हवी तेवढी हवा. रिम लॉकचा नट सगळ्यात शेवटी.

व्हॉल्व्हचा नट रिमला आवळू नका. तो वर, टोपणाला भिडवून ठेवा. टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका होतो आणि तुम्हाला आधीच दिसतो. रिमला आवळलेला नट हा इशाराच गिळून टाकतो.

चाक परत बसवताना स्पेसर (चाकाच्या दोन्ही बाजूंना अंतर राखणाऱ्या नळ्या) उलटसुलट होऊ देऊ नका, साखळीचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे, अॅक्सल मॅन्युअलच्या टॉर्कने. आणि निघण्याआधी ब्रेक चार-पाच वेळा दाबून कडक लागेपर्यंत पंप करा. हे विसरून मी एकदा सरळ शेजारच्या तुळशीवृंदावनापर्यंत गेलो होतो.

७. पहिली राइड

नव्या टायरवर कारखान्यातला निसरडा थर असतो. पहिले पन्नास-शंभर किलोमीटर डांबरावर बाइक झोपवू नका. मोठी बटणं सरळ रस्त्यावरही किंचित डुलतात, ते बिघाडाचं लक्षण नाही.

जवळ काय ठेवावं? २१ इंची एक ट्यूब. अडचणीत ती मागच्या १८ इंची चाकातही घालून घरी येता येतं, उलटं मात्र जमत नाही. तीन लिव्हर, पंप, पिनची चावी आणि फिल्मच्या डबीत पावडर.

पांढऱ्या रंगाने टायर आणि रिमवर मिळून एक आडवी रेघ मारा. ट्रेलवरून परत आलात की रेघ जुळतेय का बघा, स्पोकवर पाना वाजवून एखादा ढिला बोलतोय का ऐका, रिम लॉकचा नट तपासा. रिम लॉक बसवून पहिल्यांदा त्याच वेल्ह्याच्या चढावर गेलो, तेव्हा माझी रेघ अर्धं बोट सरकली होती. नट पाव फेरी आवळला आणि नवी रेघ ओढली. ती अजून तिथेच आहे.